चपला घालता-घालता

माणसानं पस्तिशीला धंदा बदलू नये असं माझं म्हणणं नाही. पण बदलायचाच असेल तर असा निवडावा, की जो शेजारच्या काकांना एका वाक्यात सांगता येईल. माझ्या ओळखीतल्या एकानं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची एजन्सी घेतली, त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. मी यूएक्स रिसर्च निवडलं आणि हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, माझं घराबाहेर निघणं मुश्कील झालं.

तुम्हीही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ॲप बनवणारे ॲप बनवतात. ते वापरताना लोक कुठे अडतात, कशानं वैतागतात, हे त्यांच्याजवळ बसून बघायचं, ऐकायचं आणि बनवणाऱ्यांना जाऊन सांगायचं. बस, इतकंच. हे मी आमच्या शेजारच्या यज्ञेश्वरकाकांना सांगितलं. काका रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे गाडी सोडण्याआधी सगळं तपासायची त्यांना सवय आहे.

"म्हंजे लोक फोन पाहून राहिले, अन् तू लोकाईले पाहून राहिला, असं?"

मी म्हटलं, हव.

"मंग हे काम तर मी रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून फुकटात करून राहिलो," काका म्हणाले आणि विषय संपला. त्यांच्यापुरता. माझा अपमान पुढे दोन दिवस चालू होता.

घरात आणखी वेगळी तऱ्हा. माझी बायको गंधाली बँकेत आहे. ती मोजकं बोलते, पण तिची स्मरणशक्ती भयंकर आहे. बाथरूममध्ये मी मशरूम लावले होते, ते तिला आठवतं. लग्नांच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतला होता आणि तो काकांच्या कडुलिंबावर जाऊन बसला, तेही आठवतं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई माझ्या लहानपणापासून म्हणते; लग्नानंतर ती भिंगरी डोक्यात गेली, असं गंधालीचं निरीक्षण. मला एका जागी बसवत नाही, हे खरं आहे. शंकर नगरातल्या एका ऑफिसात मी टेंडरचे कागद लावायचो, तिथेही मी दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला उठायचो, इतका की साहेबांनी मला डॉक्टरला दाखवून ये म्हणून सांगितलं होतं.

ती नोकरी मी सोडली. साहेब चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "जाओ शिशिर भैया, घूम-फिर के आओ, कुर्सी खाली रखेंगे." त्या रिकाम्या खुर्चीची मला रात्रंदिवस धास्ती वाटायला लागली. गंधाली इतकंच म्हणाली, "या वेळेस शेवटपर्यंत बसशील ना?" मी छाती पुढे काढून हो म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि डबा घेऊन बँकेत गेली.

बंगळूरच्या एका कंपनीनं मला एक काम करून दाखवायला सांगितलं होतं. जमलं तर घरूनच नोकरी, नाहीतर शंकर नगरची खुर्ची. तिथे माझ्या वर अनुश्री मॅडम होत्या. पुण्याच्या, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, आणि मला इतक्या आदरानं 'अहो शिशिर' म्हणायच्या की मला आपण निवृत्तीला आलोय असं वाटायचं. ॲपचं नाव गोलीटाइम. म्हाताऱ्या माणसांच्या गोळीची वेळ झाली की फोन टणटणतो आणि विचारतो, 'घेतली?' 'हो' दाबलं की दूर असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर हिरवी खूण उमटते. तात्यापाऱ्यात हे ॲप चालणार नाही तर कुठे चालणार? इथल्या निम्म्या घरांतली पोट्टी पुण्यात नाहीतर हैदराबादेत, आणि आईबाप इथे गोळ्यांच्या डब्यांजवळ.

मी सगळ्यात आधी ते आईच्या फोनमध्ये टाकलं. तिला ब्लडप्रेशर आहे. एरवी 'गोळी घेतली का' म्हणून मी तिच्या मागे लागायचो आणि ती माझ्यावर डाफरायची. आता मी जिथे असेन तिथे सकाळी माझ्या फोनवर हिरवी खूण यायची. एकही दिवस चुकली नाही. ती खूण मी गंधालीला दाखवायचो. एकदा तर भाजीवालीला दाखवली.

मॅडमनी कामाचे नियम सांगितले. एका वेळी एकच माणूस. शांत खोली. मदत करायची नाही, समजावायचं नाही, बाजू घ्यायची नाही. त्यांना मनातलं मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. मी विचारलं, गप्प म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होईल इतकं."

सुरुवात यज्ञेश्वरकाकांपासून केली. काकांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, काका, मनात येईल ते मोठ्यानं बोला. ही माझी चूक झाली. काकांच्या मनात काय काय असतं याची मला कल्पना नव्हती. ते नालीबद्दल बोलले, महापालिकेबद्दल बोलले, नागपूरला राहणाऱ्या साडूबद्दल फारच मोकळेपणानं बोलले. फोनचा पडदा कधीच काळा पडला होता. मध्येच त्यांच्या बायको, कलावतीकाकू, बाहेर आल्या, माझ्या हातावर चिवडा ठेवला आणि म्हणाल्या, ॲप एकदम चांगलं आहे. मी म्हटलं, काकू, तुम्ही उघडून तर पाहा. त्या म्हणाल्या, तू आणलं म्हंजे चांगलंच असंल.

आईचंही तेच. काय अडचण येते विचारलं तर म्हणाली, "काई नाही बाप्पा. सोन्यासारखं आहे." मी सांगितलं की मी ते बनवलेलं नाही, शिवी दिली तरी मला लागणार नाही. ती म्हणाली, "तरी बी."

आपल्या घरातली माणसं खरं बोलणार नाहीत, एवढं मला कळलं. म्हणून मी परक्या माणसांकडे जायचं ठरवलं आणि ज्येष्ठ संघाचे सचिव श्यामराव यांना गाठलं. संघाच्या हॉलला लागून एक छोटी खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, मला आणखी काही नको होतं. श्यामरावांची अख्खी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात फायली पुढे सरकवण्यात, किंवा न सरकवण्यात, गेलेली. ते म्हणाले, अर्ज द्या.

मी अर्जात लिहिलं, 'ज्येष्ठांचे निरीक्षण करण्यासाठी खोली मिळावी.' श्यामराव तांबडेलाल झाले. आम्ही काय जंगल सफारीतले प्राणी आहोत का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या अर्जात 'अभ्यास' लिहिलं, तर म्हणाले अभ्यासाला शाळा आहे. मग त्यांनी मला संघाची नियमावली दाखवली. तिच्यात हॉल फक्त 'कार्यक्रमा'साठी देता येतो. एक माणूस दुसऱ्या माणसाजवळ गप्प बसणार, याला कार्यक्रम म्हणत नाहीत. मी म्हटलं, मग कार्यक्रम लिहून टाका, आपण आत काय करायचं ते करू. श्यामरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम लिहिला म्हणजे कार्यक्रम करावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि कार्यक्रम म्हटला की तुम्हाला माहीतच आहे. अध्यक्ष लागतात. अध्यक्ष आले की प्रमुख पाहुणे लागतात, नाहीतर अध्यक्ष कोणाशेजारी बसणार? पाहुणे म्हणजे दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग सत्कार, मग आभार. यज्ञेश्वरकाकांनी सल्ला दिला की नाश्त्याशिवाय तात्यापाऱ्यात कुत्रं येणार नाही, आणि नाश्त्यात साबुदाणा वडा ठेव, पोहे ठेवले तर लोक लग्न ठरवायला आल्यासारखे बसतात. मी गोल बाजारात जाऊन नारळ आणले, समया घासायला पितांबरी आणली. श्यामरावांनी एक शालही आणायला सांगितली. कोणासाठी ते विचारलं तर म्हणाले, आणून ठेवा, लागते. मी दुकानदाराशी हुज्जत घालून जरा हलकीच शाल घेतली. कोणातरी पाहुण्याच्या खांद्यावर जाणार, आपलं काय जातं?

फ्लेक्स श्यामरावांनीच सांगितला होता. सकाळी हॉलवर गेलो तर दारावर मी होतो. ड्रोनच्या काळातला फोटो, उलटी टोपी घातलेला, आणि खाली 'गोलीटाइम का भव्य शुभारंभ'. मी तिथेच पायरीवर बसलो. मॅडमनी सांगितलेल्या नियमांपैकी एकही शिल्लक राहिला नव्हता. तरी मी आतल्या खोलीत टेबल पुसलं, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, पाण्याचा तांब्या ठेवला. आठवडाभर आधी मी सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं होतं. एकेकाला आत बोलवीन, होईल तेवढं होईल, असा माझा बेत होता.

ती खोली शेवटपर्यंत रिकामी राहिली. श्यामरावांचं म्हणणं पडलं, की चांगलं सांगायचं तर आत एकट्यात काहून? सगळ्याईसमोर सांगू द्या. माइकवाल्या राकेशनं मला डोळा मारून विचारलं, "भैया, इको डालूँ?" आणि उत्तराची वाट न बघता घातला.

मग एकेक ज्येष्ठ मंचावर आले. एकानं सांगितलं, या ॲपमुळे घराघरात आरोग्याची गंगा आली आहे, आहे, आहे. दुसऱ्यानं कंपनीला चिरंतन यश चिंतलं. त्यांना अजून पासवर्डसुद्धा माहीत नव्हता. कलावतीकाकूंनी पदर नीट करून सांगितलं, की गोलीटाइममुळे त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली. मी खालून हातानं खुणा करत होतो की अडचणी सांगा, अडचणी. त्यांना वाटलं मी वेळ संपली म्हणतोय, म्हणून त्यांनी कविता गाळली. शेवटी श्यामरावांनी ॲप उत्तम असल्याचा ठराव मांडला, तो टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला, आणि मग त्यांनी माझं नाव पुकारलं. मीच निवडलेली हलकी शाल माझ्याच खांद्यावर आली. ती टोचत होती. पहिल्या रांगेत आई डोळे पुसत होती.

वडे संपले, लोक निघाले आणि माझ्या चपला सापडेनात. कोल्हापुरी, गंधालीनं दिलेल्या. एका हातात नारळ, खांद्यावर शाल, असा मी चपलांच्या मांडणीमागे उकिडवा बसून शोधत होतो. मांडणीच्या पलीकडे एक बाक आहे. बायका त्यावर बसून चपला घालतात. आता आपल्या लोकांचं निघणं तुम्हाला ठाऊक आहे. आत दोन तास बसून जे बोलत नाहीत, ते उभं राहिल्यावर सुचतं, आणि एक चप्पल पायात गेली की खरी मैफल सुरू होते.

"काय कटकट आहे व माय ते," कलावतीकाकूंचा आवाज आला. "टणटण टणटण. 'हो' म्हटल्याशिवाय चूपच होत नाही. देवपूजेत वाजलं का मी हो दाबून मोकळी होते. गोळी मंग आठवली तर घेते, नाही तर राहिली."

दुसऱ्या कोणी म्हणाल्या, त्यांच्याकडेही तसंच. 'नाही' म्हणायला जागाच ठेवली नाही. अन् दाबलं नाही तर हैदराबादहून पोरगा लगेच फोन करतो, मीटिंगमध्ये असला तरी, म्हणून त्या तर उठल्या-उठल्याच दाबून ठेवतात.

माझे कान टवकारले. मी उठून 'काकू, हेच, हेच तर' असं ओरडणार होतो. तेवढ्यात कोणीतरी म्हटलं, की मग मंचावर एवढी तारीफ काहून केली?

"नाही तं काय करू," काकू म्हणाल्या. "पोट्टा चांगला आहे, पण टिकत नाही बिचारा. ते मशरूम, ते उडतं यंत्र. म्हटलं आपल्या चार शब्दांनं नोकरी लागत असंल तं लागो."

माझा उठायला घेतलेला गुडघा तिथेच थांबला. मला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगू, रडूही आलं. भर सभेत ज्या खोट्या तारिफेवर मी दातओठ खात होतो, ती माझ्यासाठी गोळा केलेली वर्गणी होती. आणि मग त्या बाकावरून आईचा आवाज आला.

"मी बी हो दाबते," आई म्हणाली. "ते गोळी घेतली का चारदा उठा लागते. संघात, देवळात, लोकाईसमोर कितीदा उठू? पण त्याच्या फोनवर हिरवं येते नं, त्याले बरं वाटते. कोणतं तं काम त्याच्या हातून नीट होऊन राहिलं."

तुम्ही म्हणाल, मी तिथून ताडकन उठलो असेन. मीही तेच म्हटलं असतं. मला अर्धा तास एका जागी बसवत नाही, आणि इथे पायाला मुंग्या आल्या होत्या, नारळाची शेंडी नाकात जात होती, आणि माझी आई गोळी घेत नव्हती. पण उठलो असतो तर बाकावरच्या सगळ्या गप्प झाल्या असत्या, आणि पुन्हा 'सोन्यासारखं आहे' सुरू झालं असतं. मी बसून राहिलो. शेवटची चप्पल जाईपर्यंत बसून राहिलो. मला त्रास होईल इतका गप्प बसलो. माझ्या कोल्हापुरी यज्ञेश्वरकाका घालून गेले होते, हे नंतर कळलं. मी शाल पांघरून अनवाणी घरी आलो.

आई अंगणात मटार सोलत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि शेंगा सोलायला घेतल्या. चपलांपाशी बसलो होतो, सगळं ऐकलं, एवढं सांगितलं आणि पुढे काही बोललो नाही. तिनं आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. मग म्हणाली, शेंगा नीट सोल, दाणे सांडून राहिले. मग बऱ्याच वेळानं आपणहूनच बोलायला लागली: गोळीनं सारखी लघवीला कशी लागते, कुठे लाज वाटते, डॉक्टरांना सांगायला कशी जीभ उचलत नाही, कारण ते तिच्या भाच्याचे मित्र. मी फक्त सोलत होतो. असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. कदाचित असं मी तिला कधी बोलू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. बाहेर जायच्या दिवशी घरी परतल्यावर घेतली तरी चालेल, ते म्हणाले. एवढीशी गोष्ट.

काकूंकडे आणि बाकीच्यांकडेही गेलो. चोरून ऐकलं होतं, तर सांगायला त्यांची परवानगी हवी. काकू आधी लाजल्या, मग रागावल्या, मग म्हणाल्या सांग त्या बंगळूरवाल्यांना, अन् टणटण बी कमी करा म्हणा. चिवडा मात्र दिला नाही.

सोमवारी अनुश्री मॅडमचा फोन आला तेव्हा त्या फार खुशीत होत्या. श्यामरावांनी ठराव, फोटो, सगळं परस्पर पाठवून दिलं होतं. वरचे साहेब तो फोटो मोठ्या बैठकीत लावणार होते. "अहो शिशिर, तुमचं काम झाल्यातच जमा आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्याकडून दोन ओळी हव्यात, की लोकांना आवडलं."

गंधाली दाराशी उभी होती, बँकेला उशीर होत असूनही. माझ्या डोळ्यांसमोर शंकर नगरची खुर्ची आली, पुसून ठेवलेली. दोन ओळी लिहायला मला काहीच लागलं नसतं.

मी म्हटलं, "मॅडम, तो फोटो लावू नका. इथे सगळे हो दाबतात आणि गोळी घेत नाहीत. माझी आईसुद्धा." आणि चपलांपाशी ऐकलेलं सगळं सांगितलं. मशरूमसकट.

पुढे मी काही बोललो नाही. तेवढं आता शिकलो होतो. मॅडमनी मग हळूच विचारलं, की त्यांची आई पुण्यात एकटी असते, तिचीही रोज हिरवी खूण येते, तर काय समजायचं? मी म्हटलं, फोन करू नका, घरी जा आणि जवळ बसा. त्या म्हणाल्या, नंतर बोलते. गंधालीनं पर्स उचलली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

नोकरी मिळाली का? मिळाली, पण लगेच नाही. वरचे साहेब बैठकीतला फोटो हुकल्यामुळे नाराज होते, त्यांनी मला चांगलंच लटकवलं. श्यामराव अजून बोलत नाहीत. संघाचा मंजूर ठराव एका चप्पलस्टँडनं खोटा पाडला, हे त्यांना सहन होत नाही. यज्ञेश्वरकाकांनी कोल्हापुरी परत केल्या, पण एक नंबर सैल करून.

गोलीटाइममध्ये आता 'हो'च्या शेजारी 'नाही' आहे, आणि खाली कारण सांगायला जागा. ते आलं त्या सकाळी मी फोन समोर ठेवून बसलो होतो. आईची वेळ झाली. स्वयंपाकघरात टणटण झाली, थांबली, आणि माझ्या फोनवर पहिल्यांदा लाल खूण आली. खाली आईनं बोलून लिहिलेलं कारण होतं: 'आज संघ आहे. आल्यावर घेईन. मागे लागू नको.'

ती लाल खूण मी गंधालीला दाखवली. मग भाजीवालीला दाखवली. आणि संघातून आई परत येईपर्यंत मी दारात, एका जागी, बसून राहिलो.